कोपरा दुमडलेलं पाकीट

१

अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला प्रोफेसर लोकांची मनं वाचायचा, आणि अकरा वर्षांत एकाही मनात वाचण्याजोगं काही सापडलं नाही, असं त्याचं ठाम मत होतं. प्रोफेसर ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला देऊन टाकलेली. कॉलेज त्यानं बाहेरूनच पाहिलं होतं. पण काळा कोट, मागे फिरवलेले केस आणि बोलता बोलता मध्येच थांबायची सवय, एवढ्या भांडवलावर निम्मं गाव त्याच्यासमोर आवाज खाली आणून बोलायचं.

"मेंढरं आहेत," तो बायकोला म्हणायचा. "तिकीट काढून स्वतःला फसवून घ्यायला येतात. नाही फसवलं तर वर रागावतात."

खेळ तर अगदीच पोरकट होता. दारात बायको प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि एक पाकीट द्यायची. मनातला प्रश्न लिहा, पाकीट चिकटवा, टोपलीत टाका. त्यातली वीसेक पाकिटं प्रोफेसर टेबलावर एकावर एक रचायचा. पहिलं पाकीट कपाळाला लावायचं, डोळे मिटायचे आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "इथं कुणाची तरी अंगठी हरवलीय." की तिसऱ्या रांगेतली शेवटची बाई ताडकन उठायची. "अगं बाई! माझीच की हो!" ही बाई म्हणजे बायकोची थोरली बहीण, ताई. अंगठी बिंगठी काही हरवलेली नसायची. मग 'खातरजमा करतो' म्हणून प्रोफेसर ते पाकीट फाडायचा. आत असायची भलत्याच कुणाची तरी चिठ्ठी. ती मनातल्या मनात वाचायची, दुसरं पाकीट कपाळाला लावायचं आणि पहिल्यातला मजकूर बोलायचा. तिसऱ्याला दुसऱ्यातला, चौथ्याला तिसऱ्यातला. शेवटपर्यंत आपलं एक पाऊल पुढं. सगळ्यात तळाला ताईचं पाकीट, खुणेसाठी कोपरा दुमडलेलं, आत कोरी चिठ्ठी. झालं, गणित जुळलं.

ताई दर शनिवारी चष्मा तेवढा बदलायची. अकरा वर्षांत एकाच बाईच्या पाचशेच्या वर वस्तू हरवल्या, पण एकालाही संशय आला नाही. उलट प्रोफेसर "घरात कुणीतरी वडीलधारं आजारी आहे" एवढंच म्हणालेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस चारचौघांत सांगत सुटायचा की माझ्या काकांचं नाव, वय आणि दुखणं त्यानं घडाघडा सांगितलं. चार आण्यांचं खोटं प्रोफेसर बोलायचा, बाकीचे बारा आणे लोक पदरचे घालायचे. या गोष्टीचा त्याला जेवढा फायदा होता, तेवढाच तिटकारा होता.

न फसणारं माणूस त्याच्या माहितीत एकच होतं. त्याची नऊ वर्षांची मुलगी, ठमी. तिला तो घरी सगळं उघडून दाखवायचा. "एक ते दहामधला आकडा मनात धरा म्हटलं ना ठमे, की दहातली सात-आठ माणसं सातच धरतात. सात म्हणजे मेंढरांचा आकडा." ठमीला हे इतकं आवडलं की तिनं सात टाकूनच दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या घराकडे येताना ती प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या मोठ्यानं मोजायची. पाच, सहा, आठ, नऊ. वरून प्रोफेसर ओरडायचा, "सात कुठं गेला?" आणि खालून उत्तर यायचं, "खेळ बघायला!"

दोघं पोट धरून हसायची. बायकोला त्यात एवढं हसण्यासारखं काय ते कळायचं नाही.

२

त्या शनिवारी तीनला दहा कमी असताना निरोप आला. ताईची दाढ सुजलीय, तोंड उघडत नाही, येत नाही.

"आता हो?" बायको टोपली हातात घेऊन उभी राहिली.

"आता काय? तू एक कोरी चिठ्ठी घाल, कोपरा दुमड, तळाला ठेव. पहिला प्रश्न असा काढतो की कुणी उठणारच नाही. कुणी उठलं नाही तर म्हणायचं, त्यांना पुढं यायचा संकोच वाटतोय, त्यांच्या दुःखाचा मान ठेवू या. बघ कसे मुळुमुळू रडतात ते."

हॉल भरलेला होता. ओल्या कोटांचा आणि जुन्या लाकडाचा वास. प्रोफेसरनं पहिलं पाकीट कपाळाला लावलं. मघाशी विंगेत उभ्या उभ्याच त्यानं प्रश्न ठरवला होता. चांगला जड. एवढ्याशा गावात कुणाचं मूल हरवलेलं असतं तर केव्हाच कानावर आलं असतं.

"इथं एक आई बसलीय," तो म्हणाला. "तिनं विचारलंय, माझी हरवलेली मुलगी मला परत मिळेल का?"

तीनशे माणसं श्वास घ्यायची थांबली. प्रोफेसर मनात पाच आकडे मोजायला लागला. पाच झाले की संकोचाचं वाक्य. तो चारपर्यंत आला, तेवढ्यात आवाज आला.

"माझी."

तिसऱ्या रांगेतली शेवटची खुर्ची. ताईची. तिथं एक बाई उभी होती. करडा कोट, दोन्ही हातांत पोटाशी धरलेली पर्स. रंगमंचावरच्या दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीपर्यंतच पोचत होता. वरचा चेहरा अंधारात होता.

ताईनं बदली पाठवली की! प्रोफेसरला एवढं बरं वाटलं की तो जवळजवळ हसलाच.

"कशी दिसते हो ती आता?" बाईनं विचारलं. "सांगा ना. मला ओळखू यायला हवी."

आता हे काही ठरलेलं नव्हतं. या धंद्यात एक साधा नियम असतो. खोटं माणूस उभं करायचं ते कुणासारखंच नसलेलं करायचं. उंच, सावळं, चेहऱ्यावर काळजी, बस्स. पण प्रोफेसर त्या दिवशी खुशीत होता. शिवाय तीनशे तोंडं त्याच्याकडे आ वासून बघत होती, आणि अशा वेळी त्याला थोडं जास्तच सुचायचं. त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर जे आलं ते त्यानं सरळ बोलून टाकलं.

"पिवळा रेनकोट. पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला. जिना चढताना पायऱ्या मोजते... आणि सात म्हणत नाही."

हॉलमधून एक लांब "आह" उमटला. कुणीतरी हुंदका दिला.

"केव्हा मिळेल?"

"बुधवारी," प्रोफेसर म्हणाला. बुधवार कशाला, तर तोवर लोक विसरतात. "दुपारी. पायऱ्यांवर."

"ती मला ओळखेल?"

काय वाट्टेल ते विचारतेय ही! पण टाळी हातातोंडाशी आली होती. ती सोडवेना.

"तुम्हाला बघताक्षणी," हात पसरून तो म्हणाला, "मधली सगळी वर्षं ती विसरून जाईल."

हॉल उभा राहिला. अकरा वर्षांत अशी टाळी पडली नव्हती. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, एक जाडजूड गृहस्थ रुमालात तोंड खुपसून रडत होता. 'गाढवं,' प्रोफेसर मनात म्हणाला आणि मान झुकवली. मान वर केली तेव्हा ती बाई बसली होती. तिचे ओठ हलत होते, पाठांतर करणाऱ्या मुलासारखे. पुढच्या चिठ्ठ्या चालू असतानाही ते हलतच होते.

शेवटचं पाकीट उरलं. कोपरा दुमडलेलं. सवयीनं त्यानं ते फाडलं, सवयीनं आत बघितलं.

चिठ्ठी कोरी नव्हती. निळ्या शाईत, सुवाच्य, गोल अक्षरात लिहिलं होतं: माझी हरवलेली मुलगी मला परत मिळेल का?

३

"कोरीच होती," बायको म्हणाली. "मीच घातली, मीच चिकटवली."

"मग पाकिटं बदलली असशील."

"कोपरा मी दुमडला. माझ्या नखाची खूण आहे बघा त्यावर. मी काय आज करतेय का हे?"

प्रोफेसरनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. नखाची खूण होती. पण म्हणून काय झालं? माणूस म्हटलं की चुकतं. त्या बाईनं खरोखरच तो प्रश्न लिहिला असेल, घाईत तिच्याच पाकिटाचा कोपरा दुमडला गेला असेल, आणि त्यालाही नेमका तोच प्रश्न सुचला असेल. योगायोग असतात जगात. योगायोगावर तर त्याचं पोट चालत होतं. शब्दन् शब्द तोच होता, हे तेवढं त्याला आवडलं नाही.

तो ताईकडे गेला. गालाला फडकं बांधून ताई खिडकीशी बसली होती.

"बदली कुणाला पाठवलंत? जरा जास्तच बोलली ती."

ताईनं मान हलवली. मग कागद ओढून लिहिलं: कोण बाई?

"तिसऱ्या रांगेत. तुमच्या खुर्चीवर."

ताईनं पुन्हा लिहिलं: मी कुणालाच सांगितलं नाही. तुमचा खेळ कसा चालतो हे मी कुणाला सांगेन होय?

ते खरं होतं. ताईच्या पोटात गोष्ट राहायची. मग ती बाई खरी असेल, असं प्रोफेसरनं स्वतःला समजावलं. बाहेरगावची कुणी दुखावलेली, डोक्यावर परिणाम झालेली. अशा येतात. तिला चार दिवस बरं वाटेल, पुढं तीही विसरेल.

घरी आला तेव्हा ठमी टेबलाशी चित्र काढत होती. त्यानं तिचा रेनकोट खुंटीवरून काढला आणि कपाटात मागे सारला.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. ऊन पडलंय आता."

बाहेर भुरभुर पाऊस होता. ठमीनं खिडकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. 

४

सोमवारी तो पाकिटं आणायला गेला. कागदवाला दुकानदार गेली कित्येक वर्षं त्याला शेकड्यानं पाकिटं द्यायचा. ठमी बरोबर होती. दुकानदारानं गठ्ठा बांधता बांधता तिच्याकडे बघितलं, वाकून तिच्या दाताकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"हीच ना?"

"हीच म्हणजे?"

"अहो, त्या बाईंची. अगदी सांगितलंत तश्शी. मी होतो की शनिवारी! हिला तुमच्याकडेच ठेवलीत होय इतके दिवस? केवढं मोठं मन!"

"ही माझी मुलगी आहे," प्रोफेसर म्हणाला. "तुम्ही हिला जन्मल्यापासून बघताय."

"बघतोय ना," दुकानदार समजूतदारपणे हसला. "कधी बोललो का मी काही?"

बाहेर पडल्यावर प्रोफेसर ठमीचा हात धरून तरातरा चालू लागला. काय म्हणावं या माणसाला! नऊ वर्षं डोळ्यांनी बघितलेलं खोटं, आणि एका दुपारी कानांनी ऐकलेलं खरं! पण पुढच्या वळणावर दूधवाली थांबून ठमीकडे बघत राहिली, आणि चौकातल्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच सोडून काचेतून बोट दाखवलं.

"बाबा," ठमीनं विचारलं, "मी हरवले होते?"

"कोण म्हणतं?"

"शाळेत सगळेच म्हणतात. बाईपण."

"मेंढरं आहेत सगळी."

"हो," ठमी म्हणाली. नेहमीसारखी हसली मात्र नाही.

मंगळवारी दुपारी तो घरात एकटाच होता. बायको ताईकडे गेलेली, ठमी शाळेत. तो खुर्चीत डोळे मिटून पडला असताना जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक. सोबत मोजण्याचा आवाज. "एक. दोन. तीन." ठमी लवकर आली वाटतं, असं म्हणेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आवाज मोठ्या बाईचा आहे. शिकवणी घेतल्यासारखा, घोटून घेतल्यासारखा.

"चार. पाच. सहा."

मग पावलं थांबली. जिन्यावरचं लाकूड किंचित करकरलं.

"आठ."

तो उठून दाराशी गेला, पण कडीवर हात ठेवून नुसताच उभा राहिला. खालच्या मजल्यावरची कुणी असेल. खेळ ऐकून गंमत म्हणून मोजत असेल. तो हे स्वतःला सांगत होता तोवर पावलं उलटी फिरली आणि खाली गेली. दार उघडलं तेव्हा जिना रिकामा होता. कठड्यावर ओल्या हाताचा ठसा होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो वाळून गेला.

५

"उद्या तिला घरी ठेवू या," त्या संध्याकाळी बायको म्हणाली. ठमी आत अभ्यास करत होती, म्हणून ती हळू बोलत होती. "माझं ऐका. एकच दिवस."

"का?"

"का म्हणजे? उद्या बुधवार आहे."

प्रोफेसरनं तिच्याकडे असं बघितलं की जणू तीही तोंड उघडं टाकून तिसऱ्या रांगेत बसली होती.

"मी बोललो म्हणून बुधवार आहे! मी गुरुवार म्हटलं असतं तर तू गुरुवारी तिला कोंडलं असतंस. उद्या मी पोरीला घरी बसवली तर त्या कागदवाल्यात आणि माझ्यात फरक काय उरला? माझ्याच थापेला मी भ्यायचं?"

"मला भीती वाटतेय. तुम्हाला नाही वाटत?"

वाटत होती. पण वाटतेय म्हटलं असतं तर अकरा वर्षं ज्यांना हसला, त्यांच्यात जाऊन बसावं लागलं असतं. "नाही," तो म्हणाला. बुधवारी सकाळी त्यानं स्वतःच कपाटातून रेनकोट काढून ठमीला घातला, कारण पाऊस होता आणि पावसात रेनकोट घालतात. बायको दारात उभी राहून बघत राहिली.

शाळा तीनला सुटायची. पावणेतीनला प्रोफेसर बाहेर पडला. शाळेकडे नव्हे, आपला पाय मोकळे करायला. पाय शाळेच्या रस्त्याला लागले, तर लागले.

चौकात पोस्टमननं त्याला गाठलं. "प्रोफेसर! बरे भेटलात. एक आकडा धरलाय मनात, एक ते दहामधला. सांगा बघू!"

"आत्ता घाईत आहे."

"हे बघा, जमत नाही म्हणतायत," पोस्टमन शेजारच्या दोघातिघांना म्हणाला. ते खो खो हसले.

आता एवढं सोडून द्यायला काय झालं होतं? पण ते हसणं त्याला सोसवेना. तो थांबला. केसांवरून हात फिरवला. चांगला वेळ घेतला, वेळ घेतल्याशिवाय लोकांना पटत नाही. कपाळाला बोटं लावली.

"सात."

पोस्टमन जागच्या जागी उडाला. "आयला!" मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं, तोवर पाचसात माणसं जमली होती. "तुमचाही सात. तुमचा... तीन, आधी सात धरला होतात, मग बदललात." टाळ्या पडल्या. 'हीच ती मंडळी,' प्रोफेसर मनात म्हणाला, 'एकाच आकड्यानं भरलेली डोकी.' आणि तो वरवर हसत असताना चौकातल्या घड्याळात तीनचे ठोके पडले.

तो पळत सुटला.

६

शाळेच्या दगडी पायऱ्या ओल्या आणि रिकाम्या होत्या. वर दरवान उभा होता, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा. त्याचे गाल भिजलेले होते.

"प्रोफेसर! दोन मिनिटं आधी यायला हवं होतं हो तुम्ही! आई घेऊन गेली. अशी ही पायऱ्यांवर उभी, अशी ती खाली. पोरगी बघतच राहिली आणि मग 'आई' म्हणून अशी धावली की काय सांगू!"

"कुठं गेल्या? कुठल्या बाजूला?"

"सगळा स्टाफ रडत होता. मोठ्या बाईसुद्धा."

"अरे माणसा, ती माझी मुलगी आहे!"

दरवानानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं होणारच. सांभाळलीत ना इतकी वर्षं. लळा लागतो."

पोलीस चौकीतल्या साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं जन्माचा दाखला टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला, आदरानं परत दिला. बाईचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, पण शोधतो म्हणाले. मग पुढं झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "पण तुम्हीच सांगितलंत ना, प्रोफेसर? आम्ही घरची सगळी होतो पाचव्या रांगेत."

"ती थाप होती! पहिला प्रश्न नेहमी मनानं रचलेला असतो. माझी मेव्हणी बसते तिथं. पाकिटाचा कोपरा—"

साहेब ऐकत होते आणि मान हलवत होते, आजारी माणसाचं ऐकतात तशी. "एवढी विद्या असून केवढा विनय!" शेवटी ते म्हणाले. "पण मग ती सात म्हणत नाही, हे कसं कळलं तुम्हाला?"

"मीच शिकवलं तिला ते!"

"बघा," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

घरी बायको ठमीच्या पलंगावर बसली होती. दिवा लावला नव्हता. ती ओरडली नाही, रडली नाही. "तुम्ही देऊन टाकलीत तिला," एवढंच म्हणाली. "एका टाळीसाठी."  तो पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि लहान मुलासारखा रडला. जिन्यावर कुणीच मोजत नव्हतं.

७

गुरुवारी आणि शुक्रवारी दोघांनी सगळं गाव पालथं घातलं. प्रत्येक जण सांगायचा की दोघी सुखात दिसल्या, आणि कुठं दिसल्या ते कुणालाच आठवायचं नाही.

शनिवारी प्रोफेसरनं खेळ लावला. अशी माणसं पुन्हा येतात, हे त्याला धंद्यावरून ठाऊक होतं. आभार मानायला का होईना, येतातच. बायको दाराशी उभी राहणार होती. तो सगळ्यांसमोर सगळं उघडं करणार होता, पाकिटं, कोपरा, ताई, सात, सगळं. तीनशे जणांना पटवलं होतं, ते तीनशे जणांसमोर काढून घेणार होता.

हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. माणसं भिंतींना चिकटून उभी होती.

"मी मन वाचत नाही," प्रोफेसर म्हणाला. "मी खोटारडा माणूस आहे."

लोक खुशीत हसले. त्यानं कोपरा दुमडलेलं पाकीट वर धरलं, एकेक पायरी उलगडून सांगितली. पहिला प्रश्न खोटा कसा, दुसऱ्या पाकिटाला पहिल्यातलं कसं बोलायचं. ताईला त्यानं उभं केलं. सुजल्या गालानं ताई रडत म्हणाली, "खरं आहे हो, माझं कधीच काही हरवलं नव्हतं!" तिला जोरदार टाळी मिळाली. कुणीतरी म्हणालं, "काय वठवतेय!" प्रोफेसरच्या कपाळावर घाम आला. तो आवाज चढवत गेला, आणि जसजसा चढवत गेला तसतसं हॉलचं तोंड उघडत गेलं. तेच ते बघणं. ओले डोळे, पुढं आलेल्या माना. अकरा वर्षं तो त्यावर थुंकत आला होता.

तेव्हा त्याला तिसरी रांग दिसली. शेवटची खुर्ची. करडा कोट, आणि मांडीवर पिवळ्या रेनकोटमधली मुलगी.

बायको दाराशी होती, तिच्या नजरेतून ती सुटणं शक्य नव्हतं. तरी ती आत होती. उजेड तिच्या हनुवटीपर्यंत होता, आणि तिचे ओठ हलत होते. प्रोफेसर बोलत राहिला, आणि बोलता बोलता त्याला कळलं की ते ओठ त्याचेच शब्द म्हणतायत. त्याच्या मागोमाग नव्हे. आधी. ओठांवर "माझी चूक झाली" हे शब्द बसले, आणि मग त्यानं स्वतःला म्हणताना ऐकलं, "माझी चूक झाली." ओठ थांबले, तो थांबला.

त्या शांततेत मांडीवरची मुलगी खाली उतरली. तिनं हात वर केला, बघ्यांमधलं उत्साही मूल करतं तसा, आणि रंगमंचाच्या पायऱ्यांकडे निघाली. लोक बाजूला सरले. ती मोठ्यानं मोजत चढली.

"चार. पाच. सहा. सात."

"ठमे," प्रोफेसर म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला. दाराकडून बायको माणसं लोटत येत होती, "ठमे, ठमे" करत, आणि माणसं तिला समजुतीनं धरून ठेवत होती. मुलीनं वळूनही बघितलं नाही. ती अगदी जवळ येऊन उभी होती. दाताचा तोच कोपरा. केसांना घरच्याच साबणाचा वास. आणि तोंड किंचित उघडं, डोळे मोठे, भरलेल्या हॉलमधल्या कुठल्याही डोळ्यांसारखे.

"काका," ती लाजत म्हणाली, "माझ्या मनात काय आहे ते सांगा ना."

हॉलनं श्वास धरला. प्रोफेसरनं डोळे मिटले नाहीत. तो तिच्या खांद्यावरून तिसऱ्या रांगेकडे बघत होता, कारण ओठ पुन्हा हलले होते. सावकाश, स्पष्ट, त्याला नीट वाचता यावं असे. त्यानं दात घट्ट आवळले. नाही बोलायचं. काही झालं तरी हे नाही बोलायचं. बायको हॉलच्या मध्यावर पोचली होती, आणि तिच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं, घोगऱ्या, सरावलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"तुझ्या मनात तुझी आई आहे. ती बघ, तिसऱ्या रांगेत बसलीय."

आवाज त्याचाच होता.

"बरोब्बर, काका!" मुलगी आनंदानं ओरडली, आणि सगळ्यांच्या आधी तिनंच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.